सुवर्णदुर्ग आणि सेव्हर्नड्रूग : कोकण किनाऱ्यावरील युद्धस्थळांच्या कथनाची चिकित्सा

कोकणच्या किनाऱ्यासंबंधी लिहिताना मराठी प्रवासलेखनाला आणि पर्यटनविषयक माहितीपत्रकांना ‘निसर्गरम्य’ या विशेषणाचा मोह आवरत नाही. हे विशेषण खोटे नाही. मात्र जलदुर्गांच्या बाबतीत ते एक विशिष्ट काम करते. ते वाचकाला तटावर नेऊन उभे करते, समोरचा सूर्यास्त दाखवते आणि त्या तटाला जंग्या कशासाठी ठेवल्या होत्या हा प्रश्न मागे टाकते. वस्तुतः ज्या कारणांमुळे ही स्थळे सुंदर दिसतात, त्याच कारणांमुळे ती लढाऊ ठरली. खाडीच्या मुखाशी आलेले भूशीर, भरतीला बुडून ओहोटीला उघडे पडणारे खडक, किनाऱ्यापासून थोडेसे सुटलेले बेट आणि आडव्या वाऱ्यापासून सुरक्षित असलेले खोल पाणी ही भूगोलाची सामग्री आरमारी युद्धाची सामग्री होती. आज पर्यटक ज्या झरोक्यातून समुद्र न्याहाळतो, त्यातून पूर्वी गोलंदाज नेम धरीत असे. दृष्टी तीच असली तरी तिचा हेतू बदलला आहे, आणि या बदलाची दखल किनाऱ्यावरील कथनाने घेतलेली सहसा आढळत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्राशी निगडित आहेत. या मान्यतेमुळे किनाऱ्यावरील पर्यटकांची संख्या वाढेल, सुविधा वाढतील, फलक नव्याने लिहिले जातील. त्या फलकांवर काय लिहिले जाणार हा प्रश्न केवळ पर्यटन खात्याचा नाही; तो इतिहासाच्या आणि मराठीच्या अभ्यासकांचाही आहे. किल्ल्यावर सांगितली जाणारी हकीकत हीसुद्धा एक संहिता आहे. तिला निवेदक आहे, नायक आहे, ठरलेले प्रसंग आहेत आणि ठरलेली मौनेही आहेत. प्रस्तुत लेखात या संहितेचे वाचन मुख्यतः दोन प्रसंगांच्या आधारे केले आहे. त्यांतील पहिला सुवर्णदुर्गाचा १७५५ मधील पाडाव आणि दुसरा विजयदुर्गाचा १७५६ मधील पाडाव.

डोंगरी किल्ल्याचा साचा

मराठीत दुर्गविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने या परंपरेला एक भावस्वर दिला. पायपीट, घाम, चढण आणि अखेरीस माथ्यावर होणारे दर्शन असा तीर्थयात्रेचा क्रम या लेखनात स्वाभाविकपणे येतो, कारण सह्याद्रीतील किल्ल्याची रचनाच तशी आहे. पुढील अनेक लेखकांनी हा स्वर आत्मसात केला. तो त्यांच्या लेखनात कधी सहज, तर कधी उसना वाटतो. जलदुर्गावर मात्र हा क्रम लागू पडत नाही. तेथे चढण नसते. प्रवासी स्वतःच्या पायांवर नव्हे, तर होडीवाल्याच्या अंदाजावर आणि भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून असतो. पावसाळ्यात सुवर्णदुर्गासारखा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो. कर्तृत्वाची जाणीव देणारी चढण नसल्यामुळे डोंगरी साच्यातले लेखन जलदुर्गावर येताच एकतर निसर्गवर्णनाकडे वळते, नाहीतर गौरवगाथेकडे.

या साच्याचा आणखी एक परिणाम संभवतो. डोंगरी किल्ला स्वयंपूर्ण वाटतो. तट, दरवाजा, टाकी आणि बालेकिल्ला पाहिला की किल्ला ‘पाहून झाला’ असे म्हणता येते. जलदुर्ग मात्र एकटा कधीच नसतो. त्याच्यासोबत किनाऱ्यावरील पाठराखण करणारे कोट, खाडीतील गोदी, लाकूड पुरवणारी जंगले, खलाशांची वस्ती आणि गुराबा-गलबतांचा ताफा यांचा विचार करावा लागतो. हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन छोटे कोट सुवर्णदुर्गासमोर उभे आहेत. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या बाजूस खडक फोडून केलेली गोदी आहे. आरमाराची खरी ओळख पटते ती या गोदीजवळ, कारण जहाज नसेल तर जलदुर्ग ही समुद्रात अडकलेली शिबंदी ठरते. असे असूनही किल्ला पाहून परतणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांच्या वाटेवर ती गोदी येतच नाही.

दोन पाडाव आणि एक मौन

कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत इंग्रजांनी केलेले प्रयत्न किनाऱ्यावरील कथनात अभिमानाने सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. १७१८ मधील खांदेरीवरील हल्ला, १७२० मधील विजयदुर्गावरील हल्ला आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाई या तिन्ही मोहिमा फसल्या. कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. पुढे १७३५ च्या सुमारास आंग्रे घराण्यात फूट पडली. कुलाब्याची शाखा मानाजीकडे व विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाची शाखा संभाजीकडे, आणि त्याच्यानंतर तुळाजीकडे गेली. येथवरचे कथन सरळ चालते. यानंतरच्या वीस वर्षांवर आले की ते अडखळते.

मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रज आणि पेशवे बाळाजी बाजीराव यांच्यात तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध करार झाला. पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव हे कोकणचे सरसुभेदार या राजकारणाचे सूत्रधार होते. करारानुसार कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज घेऊन हर्णैसमोर आला आणि २ एप्रिल १७५५ रोजी त्याने सुवर्णदुर्गावर मारा केला. किल्ल्यात आग लागून दारूकोठाराचा स्फोट झाला व किल्ला पडला. पेशव्यांचे आरमार त्याच्यासोबत होते आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज होती. सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या स्वाधीन झाला, तर बाणकोट इंग्रजांकडे गेला व त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया असे झाले.

पुढील वर्षी हाच क्रम अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन आरमार घेऊन आणि रॉबर्ट क्लाइव्ह पायदळ घेऊन विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजी कागदांतील घेरियावर, चालून गेले. पेशव्यांची फौज जमिनीवर होतीच. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला आणि तेथेच अडकला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रजांच्या तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला आग लागली. हे जहाज पूर्वी कंपनीचे होते व आंग्र्यांनी ते हस्तगत केले होते. तटाच्या आश्रयाने एकत्र उभ्या असलेल्या ताफ्यात ही आग पसरली आणि एका दुपारी आंग्र्यांचे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीस, किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. पेशव्यांच्या सैन्याने आत शिरू नये म्हणून क्लाइव्हने आपली तुकडी मध्ये उभी केली होती. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना तिच्यात वाटा मिळाला नाही, आणि तो द्यायचा नाही हे मोहिमेपूर्वी मुंबईतच ठरले होते. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, जून १७५७ मध्ये, क्लाइव्ह प्लासीच्या मैदानावर होता.

ही माहिती नवी नाही. दा. गो. ढबू यांच्यासारख्या मराठी अभ्यासकांनी, इंग्रजीत लिहिणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन आणि मनोहर माळगावकर यांनी आंग्र्यांच्या इतिहासाचा विचार केलेला आहे. पेशव्यांनी आपलेच आरमार बुडवले काय, यावर मराठी इतिहासलेखनात वादही झालेला आहे. तुळाजी पुण्याची सत्ता जुमानत नव्हता, शेजारच्या सावंतांच्या व करवीरकरांच्या मुलखाला त्याचा उपद्रव होता, त्यामुळे पेशव्यांच्या दृष्टीने तो बंडखोर सरदार होता, अशी एक बाजू आहे. घरातील भांडण मिटवण्यासाठी परक्या आरमाराला किनाऱ्यावर बोलावणे ही दूरदृष्टीचा अभाव दाखवणारी कृती होती, अशी दुसरी बाजू आहे. या दोहोंत दुसऱ्या बाजूचे पारडे जड आहे, कारण लुटीच्या वाटणीत आणि बाणकोटच्या ताब्यात कराराचे खरे स्वरूप त्याच वेळी उघड झाले होते. तरीही पहिल्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही. अडचण अशी की किल्ल्यावर या दोन्ही बाजू सामान्यतः अनुपस्थित असतात. तेथे ‘इंग्रजांनी किल्ला जिंकला’ एवढे एक वाक्य येते आणि कथन पुन्हा तटाच्या उंचीकडे वळते. मराठे विरुद्ध परकीय अशी दोनच पात्रे असलेल्या नाटकात रामाजी महादेवाला भूमिका देता येत नाही, म्हणून त्याला रंगमंचावर आणलेच जात नाही.

लंडनमधील सुवर्णदुर्ग

या मौनाची तुलना दुसऱ्या एका स्मारकाशी केल्यास त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तेथे झाडीत ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा त्रिकोणी, गॉथिक धाटणीचा, सुमारे ६३ फूट उंचीचा मनोरा उभा आहे. सेव्हर्नड्रूग हे सुवर्णदुर्गाचे इंग्रजी जिभेवर झालेले रूपांतर. विल्यम जेम्स पुढे सर झाला, ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १७८३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने, लेडी जेम्सने, पुढच्याच वर्षी रिचर्ड जप या वास्तुविशारदाकडून हा मनोरा बांधून घेतला. (इंग्रजी साहित्याच्या अध्यापकांना हे दांपत्य अन्य कारणाने परिचित असेल, कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न यांच्या निकट मित्रपरिवारात ते होते, आणि मुंबईच्या एलायझा ड्रेपर यांची स्टर्न यांच्याशी ओळख त्यांच्याच घरी झाली.) मनोऱ्यावरील लेखात २ एप्रिल १७५५ ही तारीख आहे, किल्ला मलबार किनाऱ्यावर असल्याचे म्हटले आहे आणि विजयाचे श्रेय संपूर्णपणे जेम्सच्या शौर्याला व कौशल्याला दिले आहे. पेशव्यांचा, त्यांच्या आरमाराचा वा कराराचा तेथे निर्देश नाही.

लंडनच्या मनोऱ्याने पेशव्यांना वगळले, कारण त्यांचा उल्लेख केला असता जेम्सचे यश विभागले गेले असते. हर्णैच्या कथनाने पेशव्यांना वगळले, कारण त्यांचा उल्लेख केला असता पराभवाचे दुःख विभागले गेले असते. एक स्मारक विजेत्याचे, दुसरे पराभूताचे. दोघांची भाषा, भूमी आणि भावना परस्परविरोधी. असे असूनही दोघांनी गाळलेली वस्तुस्थिती एकच आहे. वसाहतवादी इतिहासाचे खंडन करताना आपण त्याच इतिहासाची चौकट उलटी करून वापरतो, हे या उदाहरणातून लक्षात येते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये कंपनीने उभारलेल्या वॉटसनच्या स्मारकावर घेरिया, कलकत्ता आणि चंद्रनगर ही नावे एकत्र कोरलेली आहेत. कोकणातील एका किल्ल्याचा पाडाव आणि बंगालमधील सत्तांतर यांचा संबंध इंग्रजांनी दगडावर नोंदवून ठेवला. विजयदुर्गावर मात्र हा संबंध सांगणारा निवेदक क्वचितच भेटेल, वास्तविक तो सांगितल्याने किल्ल्याचे महत्त्व वाढेलच.

‘चाचा’ या शब्दाचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. इंग्रजी साधनांत आंग्रे हे समुद्री चाचे आहेत. कान्होजींवरील मोहिमांत स्वतः असलेल्या क्लेमंट डाउनिंगचे १७३७ मधील पुस्तक असो किंवा वॉटसनच्या आरमारात शल्यवैद्य असलेल्या एडवर्ड आइव्हजचे १७७३ मधील प्रवासवृत्त असो, हा शब्द गृहीतच धरलेला आहे. आंग्रे समुद्रावरील जहाजांकडून दस्तक मागत व दस्तक नसल्यास जहाज पकडत. पोर्तुगीजांनी याच प्रकारची परवाना पद्धत पूर्वी दोन शतके चालवली होती आणि त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. मराठी अभ्यासकांनी या शब्दाचे केलेले खंडन म्हणूनच रास्त आहे. परंतु १७५५ च्या करारात पेशव्यांचे प्रतिनिधी ज्या पक्षाशी हातमिळवणी करतात, तो पक्ष आंग्र्यांना हेच नाव देत होता, ही गोष्टही त्या खंडनाच्या जोडीने सांगितली गेली पाहिजे.

दंतकथा, विज्ञान आणि पुरावा

विजयदुर्गावर पर्यटकांना आवर्जून सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली समुद्रात बुडालेल्या भिंतीची. किल्ल्याच्या पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजांचे तळ या भिंतीवर आपटून फुटत, असे सांगितले जाते. सागरी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी पाण्याखालील या रचनेची पाहणी केलेली आहे आणि तिचे कुतूहल वाटणे साहजिक आहे. तथापि ही कथा ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न यावयास हवा : मग १७५६ मध्ये वॉटसन आला कोठून? त्याचे आरमार खाडीच्या मुखातून आत शिरले आणि किल्ल्याच्या उत्तरेकडील तटासमोर अगदी जवळ नांगरून उभे राहिले. भिंतीचा त्याला अडथळा झाला नाही. भिंतीच्या अभिमानात हा प्रश्नच हरवतो, आणि त्यासोबत जलदुर्गाच्या संरक्षणशास्त्रातील एक मोलाचा धडाही.

दुसरी गोष्ट हेलियमची. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. त्या तारखेस तेथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूर येथे होते. लॉकयर मात्र तेव्हा भारतात नव्हते; त्यांनी सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले. ते विजयदुर्गावर खरोखरच आले, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. खरी घटना पुरेशी रोचक असताना तिच्यावर चुकीची तारीख चिकटवण्याची गरज का भासली, हा लोकमानसाच्या अभ्यासकाने विचार करावा असा विषय आहे. पराभवाच्या जागेवर जागतिक महत्त्वाचा विजय हवा असतो, असे एक उत्तर संभवते. विज्ञानाच्या नावाने साजरा होणारा दिवस तरी तपासलेल्या माहितीवर उभा असावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

सिंधुदुर्गाचे कथन वेगळ्या प्रकारचे आहे. १६६४ मध्ये मालवणसमोरील कुरटे बेटावर पायाभरणी झाली. राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वराचे मंदिर आणि चुन्यात उमटलेले हात-पायाचे ठसे यांमुळे हा किल्ला भक्तिस्थान झालेला आहे. येथे कथनाची भाषा स्तोत्राची असणे समजण्यासारखे आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले होते व पुढच्या वर्षी तो करवीरकरांना परत केला, ही हकीकत स्तोत्रात बसत नाही म्हणून गळते. समोरच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा झालेली चर्चा बांधकामाच्या दर्जाविषयी होती आणि ती आवश्यकच होती. साडेतीन शतके लाटा झेलणारा तट तेथून दिसत असताना नव्या प्रतीकाची निकड का वाटते, या प्रश्नाला मात्र त्या चर्चेत फारशी जागा मिळाली नाही.

जोडीने वाचावयाचे किल्ले

युनेस्कोच्या यादीची चौकट मराठा दुर्गांची असल्यामुळे तिच्यात जंजिरा नाही. चौकट मान्य केली की हा निर्णय तर्कसंगत ठरतो. पण त्यामुळे वाचनात एक अडचण येते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीचे बांधकाम हाती घेतले. इंग्रज आणि सिद्दी यांनी त्याला विरोध केला, आणि लगेच १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. जंजिऱ्याला शह देण्यासाठी कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला. हे किल्ले म्हणजे एकमेकांना दिलेली उत्तरे आहेत. प्रश्न वगळून केवळ उत्तर वाचले तर त्याचा अर्थ लागत नाही. आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी आपली सत्ता १९४८ पर्यंत टिकवली, ही घटना हिंदी महासागराच्या इतिहासातही अपवादात्मक आहे. मुरुडच्या होडीत बसलेल्या पर्यटकाला जंजिरा ‘अजिंक्य’ म्हणून सांगितला जातो. तो अजिंक्य राखणारी माणसे कोण होती, कोठून आली, कोणत्या भाषा बोलत होती, याविषयी त्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. शत्रूचे कौतुक केले म्हणजे त्याचा इतिहास सांगितला असे होत नाही.

नव्या फलकांसाठी साधनांची वाण नाही. १७५५ व १७५६ चे करार एचिसन यांच्या तहसंग्रहात छापलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड अनेक जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना दुसरे एक साधन हाताशी आहे व ते अद्याप कोणी पद्धतशीरपणे वापरलेले दिसत नाही : होडीवाले आणि वाटाडे यांची कथने. त्यांची ध्वनिमुद्रणे करणे, एकाच प्रसंगाची हर्णैची, विजयदुर्गची व मुरुडची रूपे शेजारी ठेवणे, कोणता तपशील छापील पुस्तकातून आला आणि कोणता घराण्याच्या आठवणीतून, हे वेगळे करणे हे काम मराठी व इतिहास या दोन विभागांना मिळून करता येईल. कथने ऐकून घेण्यापूर्वी फलक लिहून मोकळे होणे सोपे आहे, आणि युनेस्कोच्या मान्यतेनंतर त्याचीच घाई होण्याची शक्यता अधिक. हर्णैच्या बंदरावर फलक लागेल तेव्हा त्यावर जेम्सचे नाव असेल, तुळाजीचे असेल. तिसरे नाव रामाजी महादेवाचे असावे, आणि त्याखाली मार्च १७५५ च्या कराराची कलमे मराठीत दिलेली असावीत.